बैठकीचा दिवस

सकाळी 6.40

बैठक संध्याकाळी सहाला आहे, पण माझी ती काल रात्री बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या तेव्हाच सुरू झाली. मोठ्या रेकॉर्डरच्या आठ, धाकट्याच्या दोन, वरकड दहा. पहिला चहा घेताघेता त्या एकेक तपासायच्या आणि डब्यात भरायच्या. भरलेलीचं टोक वर, वापरलेलीचं खाली. गाणं रंगात आलेलं असताना कोपऱ्यातल्या अंधारात नुसतं चाचपून कळायला हवं, कुठली उचलायची ते.

मग कार्डं. 24 बिट, 96 किलोहर्ट्झ या मापाने दोन चॅनेलचं मुद्रण केलं की तासाला साधारण दोन जीबी लागतात. ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्या संस्थांनी जपणुकीसाठी हे माप मान्य केलेलं आहे, म्हणून मीही तेच धरते. जागेची काळजी आता उरलेली नाही. काळजी असते ती बोटाची. सुरुवातीच्या वर्षांत एका बैठकीत मी लाल बटण एकदाच दाबलं. त्या यंत्रावर पहिल्या दाबाला दिवा लुकलुकायचा, म्हणजे यंत्र तयार. दुसऱ्या दाबाला तो स्थिर व्हायचा, म्हणजे मुद्रण चालू. हेडफोनमध्ये गाणं छान ऐकू येत होतं, त्यामुळे वीस मिनिटं काही कळलंच नाही. यमनची सगळी आलापी गेली. मध्यंतरात मी जाऊन सांगितलं, तेव्हा ते गायक म्हणाले, ‘असू दे, पुन्हा गाईन.’ गायलेही. पण तो यमन दुसरा होता. तेव्हापासून मी दिव्याकडे बघत नाही, पडद्यावरचे सेकंद पळताहेत का ते बघते.

9.15

आज गाणाऱ्या बाईंना नऊच्या आधी फोन करायचा नाही, तेव्हा रियाज चालतो. सत्तरी केव्हाच मागे पडली, पट्टी काळी पाचवरून काळी चारवर आली, पण सकाळचा खर्ज चुकलेला नाही. संध्याकाळी काय गाणार हे मी विचारत नाही. विचारलं तर म्हणतात, ‘तंबोरे लागू देत, मग बघू.’ मी विचारते ते एवढंच, की नवं काही बोलून दाखवणार असाल, चीज कुणाकडून आली वगैरे, तर मध्यंतरातही यंत्र चालू ठेवू का? ‘ठेव की. आता लपवायचंय काय?’

मग परवानगीचे कागद छापून घेते. पाच प्रती: बाई, तबलजी, पेटीवाले आणि मागे तंबोऱ्यावर बसणाऱ्या दोघी शिष्या. कलाकाराचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क आपल्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने आला, आणि तो नुसत्या गायकाचा नाही, साथीदाराचाही आहे. जुन्या घरगुती मुद्रणांत तबल्यावर कोण होतं हे निम्म्या वेळा कुणी लिहूनसुद्धा ठेवलेलं नसतं, मग परवानगी दूरच. याचं मला फार वाईट वाटतं. तीन तास एखाद्याने ठेका धरायचा आणि डब्यावर त्याचं नाव नाही!

कागदाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागावर गाण्याआधी सही: मुद्रण करू द्यायचं. दुसऱ्यावर गाण्यानंतर: त्याचं काय करायचं. आपण काय गाऊन बसणार हे आधी कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून नंतरची सही नंतरच घ्यायची.

10.30

बैठक असली तरी सकाळचं रोजचं काम सुटत नाही. टेबलावर एका घरातून आलेल्या बावीस कॅसेटी आहेत. सगळ्या सी-नव्वद, एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. आज सातवी.

कॅसेट लावली की आधी हेडचा कोन जुळवावा लागतो. ज्या यंत्रावर मुद्रण झालं त्याचं हेड जरा कलतं असेल, तर माझ्या यंत्रावर आवाज उशीखालून आल्यासारखा येतो. बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन हेडचा स्क्रू केसभर फिरवायचा आणि ऐकायचं. मी यासाठी नेहमी तंबोऱ्यावर कान ठेवते. स्क्रू योग्य जागी आला की जवारी एकदम उलगडते, तारेतून वरचे स्वर झरायला लागतात. मग पट्टी बघायची. बॅटरी उतरलेल्या यंत्रावर फीत सावकाश फिरली असेल, तर आज नीट गतीने वाजवताना सूर चढलेला येतो आणि गायकाचं वय दहा वर्षांनी कमी होतं. पेटी साथीला असली की बरं. पेटीचा सूर कुठल्या तरी पट्टीवर बसलाच पाहिजे.

या सातव्या कॅसेटच्या पहिल्या बाजूच्या शेवटी गायक थांबतात. कुणीतरी विचारतं, ‘बुवा, ही चीज कुणाची?’ बुवा खाकरतात. म्हणतात, ‘ही मला फार उशिरा मिळाली. आमच्या गावी एक…’ आणि खट्. बाजू संपली. दुसरी बाजू सुरू होते ती थेट पुढच्या रागाच्या मुखड्यावर. मुद्रण करणाऱ्याने कॅसेट उलटायला जो वेळ घेतला, तेवढ्यात नाव सांगून झालं. बुवा गेले, यजमान गेले, प्रश्न विचारणारा कोण होता ते घरच्यांना आठवत नाही. मी तो शेवट चार वेळा ऐकला. नोंदीत लिहिलं: ‘45.10, चिजेच्या उगमाबद्दल बोलणं, अपूर्ण.’

घरोघरी मशीन लावणाऱ्या त्या रसिकांना मी नावं ठेवत नाही. त्यांनी लावलं म्हणून निदान एवढं आहे. त्या आधीच्या पिढीचं काय? भारतात तबकड्यांचं मुद्रण 1902 मध्ये सुरू झालं. भास्करबुवा बखले 1922 पर्यंत होते, अल्लादिया खाँसाहेब 1946 पर्यंत. दोघांचाही आवाज आपल्याकडे नाही. खाँसाहेबांचं आत्मकथन त्यांचे नातू अझीझुद्दीन खाँ यांनी लिहून घेतलं, म्हणून शब्द आहेत. त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची सगळी गायकी आज आपण शिष्यांच्या गळ्यातूनच ओळखतो. आणि ज्यांनी तबकड्या दिल्या, त्यांनाही बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मिळाली. मोकळं, घरातलं, दोन-अडीच तासांचं गाणं फीत आली तेव्हाच पकडता आलं. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊसने अशा खाजगी बैठकींतलं कितीतरी गाणं कॅसेटवर आणलं, तेव्हा ते माझ्यासारख्यांच्या घरात पोचलं.

दुपारी 2.30

एरंडवण्यातलं यजमान काका-काकूंचं जुनं घर, तळमजल्यावरचा दिवाणखाना. फर्निचर आतल्या खोलीत गेलंय, सतरंज्या अंथरल्यात. काकू स्वयंपाकघरात तिळगुळाच्या वड्या कापताहेत. संक्रांत नुकतीच झालीय. पुण्यात मी जानेवारीतल्या बैठका मुद्दाम मागून घेते. पंखे लावावे लागत नाहीत.

मी खोलीच्या मधोमध उभी राहते आणि पाच मिनिटं काही करत नाही. नुसतं ऐकते. भिंतीवरच्या घड्याळाचा टोला. कोपऱ्यातल्या ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण. वर कुणाच्या तरी नळाचं पाणी. फ्रिज. माणसाचा कान हे सगळं गाळून टाकतो, माइक गाळत नाही. घड्याळ आत जातं, ट्यूबऐवजी साधे दिवे लागतात, दारावरच्या बेलची तार काका स्वतः सोडवतात. फ्रिज तीन तास बंद ठेवायचा म्हणजे काकूंच्या कपाळाला आठी पडते, आणि ती रास्त आहे, त्यात दूध आहे. म्हणून माझी एक युक्ती: स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. फ्रिज पुन्हा चालू केल्याशिवाय मला घरी जाताच येणार नाही. काकूंना ते पटतं. लोण्याच्या डब्याशेजारी किल्ली ठेवून त्या दार लावतात. कुकरच्या शिट्ट्या साडेपाचच्या आत आटपायच्या, हेही ठरतं.

दुपारी 4.00

स्टँड उभा करते. दोन माइक, एकमेकांपासून सतरा सेंटिमीटरवर, मधला कोन एकशे दहा अंशांचा. साधारण माणसाच्या दोन कानांत असतं तेवढं अंतर. बाई बसतील तिथून सहा फुटांवर, त्यांच्या डोक्याहून थोडे उंच, खाली झुकलेले.

प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक माइक ठेवला तर नंतर तबला कमी-जास्त करता येतो, पेटी दाबता येते. सभागृहात तसंच करावं लागतं. घरात मला ते नको असतं. या खोलीत बसलेल्याला जे ऐकू आलं ते, त्याच प्रमाणात, हवं. त्यासाठी मी माइक हलवत नाही, माणसं हलवते. तबला जड वाटला तर तबलजींना फूटभर मागे सरकायची विनंती, पेटी पुढे येत असेल तर पेटीचं तोंड जरा तिरकं. पुढच्या रांगेतल्या श्रोत्यांचे गुडघे स्टँडला लागणार नाहीत एवढं बघायचं. तारा सतरंजीखालून नेऊन चिकटपट्टीने बसवायच्या; वाटेत लहान मुलं असतात.

धाकटं यंत्र त्याच माइकवरून, पण दहा डेसिबल खाली. अचानक तार षड्जावर आवाज फुटला तर त्यावरची प्रत शाबूत राहावी म्हणून.

5.10

तंबोरे आले. गवसण्या काढताना दोघी शिष्या एकमेकींशी एक अक्षर बोलत नाहीत. मोठा तंबोरा मिरजेचा. तिथल्या सतारमेकरांच्या हातचा, मंगळवेढा-पंढरपूरकडच्या भोपळ्यांचा. मिरजेच्या तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाईंचा तंबोरा त्याच्या कितीतरी आधीचा, भोपळ्यावरचा रंग उडालेला, मानेवर बोटांनी गुळगुळीत केलेली जागा.

थोरली शिष्या खुंट्या पिळून चारही तारा जवळपास आणते, मग मणके. मणका तारेवरून तांदळाएवढा सरकतो आणि सूर तेवढ्यानेच बसतो. आता जवारी. घोडीवर, तारेच्या खाली, सुताचा एक धागा असतो. ती तो दोन बोटांत धरून मागेपुढे करते आणि तार छेडत राहते. तार आधी नुसती ‘टण्’ करते. धागा सरकतो. अजून ‘टण्’. पुन्हा किंचित. आणि एका जागी ती तार एकदम गायला लागते, एका सुरातून दुसरा सूर निघतो, गंधार आपोआप ऐकू यायला लागतो. ती हात काढून घेते. धाग्याला आता कुणी शिवायचं नाही.

याच वेळी माझं मुद्रण सुरू झालेलं असतं. तंबोरे लावणं बहुतेक जुन्या मुद्रणांत कापलेलं सापडतं. फीत महाग होती, समजू शकते. पण ज्याला पुढे हे गाणं शिकायचंय त्याच्यासाठी ही वीस मिनिटं सोन्याची आहेत. बाई आत येऊन ऐकतात आणि म्हणतात, ‘दुसऱ्याला पंचम नको, निषाद लाव.’ म्हणजे आज काय येणार याचा अंदाज मला आला.

आवाजाची पातळीही आत्ताच ठरवून घ्यायची. बाई जयपूर घराण्याच्या, आणि जयपूरवाले लांबलचक नोमतोम करत नाहीत. थोडा औचार, की लगेच बंदिशीचा मुखडा आणि समेवर तबला. बटणं फिरवायला सवड मिळत नाही. बाईंना एक तार षड्ज लावायची विनंती करते. काटा उणे बाराला पोचतो. वर पुरेशी जागा आहे.

6.05

काका फोन बंद करायची विनंती करतात, आणि बंद म्हणजे पूर्ण बंद. पन्नासेक माणसं दाटीने बसलीत. मी माइकजवळ हलक्या आवाजात बोलते: आजची तारीख, वार, गाव, गाणाऱ्याचं नाव, साथीदारांची नावं, तंबोऱ्यावर कोण, पट्टी काळी चार. मग एक टाळी, म्हणजे दोन्ही यंत्रांवरची मुद्रणं नंतर जुळवता येतात.

कागद हरवतो, फाइलचं नाव कुणीतरी बदलतं, आवाजातलं नाव आवाजाबरोबरच राहतं. यात माझं नवं काही नाही. 1902 मध्ये कोलकात्यात गौहरजान तबकडीच्या शेवटी आपलं नाव पुकारायच्या. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या माणसांना कुठली तबकडी कुणाची हे कळायला हवं असायचं.

6.15

या दिवसांत पुण्यात सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो. खिडकीत उजेड अजून आहे तोच बाईंनी ललिता गौरी धरला. ललत आणि गौरी, दोघांचा जोड. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी ‘हां…’ असा श्वास सोडला. तो मुद्रणात आलाय आणि मी तो कधीही काढणार नाही.

हेडफोन एका कानावर ठेवते, दुसरा मोकळा. वहीत पेन्सिलने लिहिते (पेनचं टोपण वाजतं): मुखडा 8.40, अंतरा 21.15. दोन मध्यमांमधून बाई ज्या चालीने खाली गौरीत उतरतात, ती जागा दर वेळी निराळी. पाचव्या-सहाव्या आवर्तनात एकदा त्यांनी ललताचं अंग इतकं लांबवलं की सम हातची जाते की काय असं सगळ्यांना वाटलं. तबलजी मान वर करून बघत होते. शेवटच्या मात्रेला शब्दाचं टोक तेवढं उचललं आणि सम. अख्ख्या खोलीचा आवाज झाला. ‘वा’ असा शब्द त्यात कुणी उच्चारला असं नाही. पन्नास माणसांनी एकदम श्वास सोडला.

काही संग्राहक दाद पुसून टाकतात, गाणं ‘स्वच्छ’ करतात. मला ते मान्य नाही. त्या श्वासानंतर बाईंची पुढची तान बदलली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी आजोबांकडे बघून ती घेतली. आजोबांना पुसलं तर ती तान तिथे का आली, हे ऐकणाऱ्याला कधी कळायचं?

6.52 ला गल्लीतून रिक्षा गेली, हॉर्न वाजवत. लिहून ठेवला.

7.40

मध्यंतर. चहा, बटाटेवडे, तिळगूळ. यंत्र चालू आहे. माइकसमोरून माणसं ये-जा करताहेत, कपबश्या वाजताहेत. धाकट्या शिष्येने विचारलं, ‘बाई, हा अंतरा तुम्ही आम्हाला शिकवलात त्यापेक्षा वेगळा होता.’ बाई हसल्या. ‘तुम्हाला शिकवलाय तो माझ्या गुरूंचा. आजचा मला मुंबईला गिरगावात मिळाला होता, एका…’ त्याच क्षणी माझ्या मागे बशांची चळत आपटली. मी हेडफोन दाबून धरला. बाई पुढे सांगत होत्या, कसं त्या तीन महिने फक्त ऐकत राहिल्या, मग एके दिवशी त्यांना गायला सांगितलं गेलं. मी उठून पुन्हा विचारायला जाणार होते, पण तोवर पेटीवाल्यांनी सूर धरला आणि बाई गादीकडे वळल्या.

8.10 ते 9.35

नट कामोद, मग बिहागडा, शेवटी भैरवी. नट कामोदात गळा थोडा थकल्यासारखा वाटला. बिहागड्यात पुन्हा मोकळा. भैरवीला कुणी दाद दिली नाही, सगळे नुसते बसून राहिले. शेवटच्या षड्जानंतर तंबोरे चालूच होते. मी पूर्ण एक मिनिट थांबून मगच बटण दाबलं. त्यात पहिली हालचाल आहे ती बाईंच्या बांगड्यांची.

9.50

दुसऱ्या सह्या. तबलजी सही करताना म्हणाले, माझी प्रत मला ऐकायला मिळेल ना, एका तिहाईवर माझी चूक झाली. मिळेल. बाईंनी कागद वाचून पेन खाली ठेवलं. ‘बाकी सगळं दे, ज्याला हवं त्याला. ललिता गौरीचा तो अंतरा शिकणाऱ्यांना ऐकव, समोर बसवून. फोनवर पाठवू नकोस. मला तो जसा मिळाला तसाच पुढे गेला पाहिजे.’ मी तसंच, त्यांच्याच शब्दांत, कागदावर लिहिलं आणि त्यांनी सही केली. संग्रहात ही फाइल बंद कपाटात राहील. हे लोकांना आवडत नाही, मला ठाऊक आहे. पण माइक लावू देणाऱ्याला दिलेला शब्द मोडला, तर पुढच्या बैठकीत कुणी माइक लावू देणार नाही, आणि ते बरोबरच असेल.

तारा गुंडाळल्या. फ्रिज चालू केला, गारेगार किल्ली घेतली. काकूंनी चार वड्या बांधून दिल्या.

रात्री 11.40

कार्डं आधी उतरवून घ्यायची, मगच जेवण. एक प्रत संगणकावर, दुसरी सुट्या डिस्कवर, तिसरी उद्या बहिणीकडे कोथरूडला जाईल. एका घरात सगळ्या प्रती ठेवायच्या नाहीत. तिन्ही प्रती अक्षरन् अक्षर सारख्या आहेत का, हे संगणकाकडून पडताळून घेते. मोठ्या फाइलच्या यंत्राने आपोआप तोडून दोन केल्या आहेत. सांध्यावर एकही सेकंद गळलेला नाही, बिहागड्याची तान सलग जाते.

मग नोंदी. झोपेआधीच लिहायच्या, सकाळपर्यंत निम्मं विसरायला होतं. राग, ताल, वेळा, पट्टी, दुसऱ्या तंबोऱ्याला निषाद, रिक्षा, आजोबांचा श्वास. मध्यंतराशी येऊन थांबते. 1 तास 37 मिनिटांवर बाई म्हणतात, ‘गिरगावात मिळाला होता, एका…’ आणि बशा. मोठ्या यंत्रावर ऐकलं, धाकट्यावर ऐकलं, डावा माइक वेगळा काढून ऐकला. नाव दोन अक्षरी आहे, शेवटी ‘बाई’ आहे, एवढंच लागतं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सातवी कॅसेट अजून यंत्रातच आहे. ती काढून डब्यात ठेवली. वहीत उद्याच्या पानावर लिहिलं: ‘सकाळी नऊनंतर बाईंना फोन. गिरगावातलं नाव.’